शंभराचे एकशेदहा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "मामा, उभा जन्म इंजिनांत काढलासा, काहीतरी लिहा की." म्हटलं, अहो, उभ्या जन्माचं लिहायला बसलो तर वाचणारा हातातली चकली टाकून पळून जाईल. त्यापेक्षा एकच प्रकरण लिहितो. त्यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो. हसनभाई नावाच्या पितळेच्या कारागिराच्या कामाला माझ्यामुळं बट्टा लागला. मी गप्प बसलो म्हणून लागला. तो पुसायचा तर खरं काय घडलं ते लिहायला पाहिजे, आणि ते कळायला इंजिन थोडं समजून घ्यायला पाहिजे. घाबरू नका, आठवीपर्यंतच्या गणितात बसतंय.

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी टेस्टिंगला होतो. शेतावर पंप ओढणारी एका सिलिंडरची ऑइल इंजिनं आम्ही बनवत होतो. तयार झालेलं प्रत्येक इंजिन माझ्यापुढं लोखंडी पाटावर येऊन बसायचं, त्याला आम्ही टेस्ट बेड म्हणायचो. चाकाला दोर गुंडाळायचा, दोराला वजनं लावायची, म्हणजे इंजिनाला ओझं होतं. मग डिझेल मोजायचं. भिंतीवर काचेची नळी होती, तिच्यावर दोन खुणा. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत डिझेल उतरायला किती सेकंद लागले, ते घड्याळावर बघायचं. ओझं किती उचललं आणि डिझेल किती प्यालं, या दोन आकड्यांवरून इंजिनाचा गुण निघतो. तो मी कार्डावर लिहायचो आणि खाली सही ठोकायचो. ते कार्ड इंजिनाबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जायचं.

गुण म्हणजे काय? डिझेलमध्ये समजा शंभर भाग उष्णता आहे. त्यातले किती भाग चाकावर कामाला आले, तो गुण. आमच्या इंजिनाचा तीसच्या आसपास असायचा. शंभरात तीस! शाळेत एवढे पडले तर बाप घरात घेणार नाही. पण इंजिनांच्या शाळेत तीस म्हणजे बरा विद्यार्थी.

तर झालं असं की माझ्या हाताखाली हा गुण वाढायला लागला. तिसाचा बत्तीस झाला, मग पस्तीस. तीन-चार वर्षांत चाळीस. डिझाइन तेच, ओतकाम तेच, सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टरही तेच. मालक खूश. "मामाच्या हाताला यश हाय," असं सगळ्यांपुढं म्हणाले आणि खंडेनवमीला, यंत्रांची पूजा झाल्यावर, मला शाल आणि नारळ दिला. मी तो घेतला. इंजेक्टर बसवायची माझी काही खास पद्धत आहे असं मला स्वतःलाही वाटायला लागलं होतं. आता लिहिताना लाज वाटते, पण डोक्यात हवा गेली की माणूस आपल्या आकड्याला प्रश्न विचारत नाही.

प्रश्न विचारायला बसगोंडा अण्णा आले. शिरोळकडचे ऊसवाले. पांढरी टोपी, कानात भिकबाळी, बोलताना मधेच कानडी शब्द. ट्रॉलीत इंजिन घालून थेट कारखान्याच्या दारात.

"मेस्त्री, ह्ये कार्डावर सही कुणाची?"

"माझी."

"मग ह्ये आकडं खोटं हायती."

पंचवीस माणसांपुढं बोलले. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "पावणं, जरा जपून. डिझेल कशानं मोजलंसा?"

तर त्यांनी पिशवीतून सलाईनची बाटली काढली. जनावरांच्या डॉक्टरकडून रिकामी आणलेली, खुणा असलेली. ती विहिरीवरच्या आंब्याला टांगून, नळी इंजिनाला जोडून, यांनी घड्याळ लावलं होतं. माझ्या कार्डाप्रमाणं जेवढं डिझेल चार मिनिटं पुरायला पाहिजे, ते यांच्याकडं तीन मिनिटांत खलास.

सगळे हसले. मी तर जास्तच हसलो. "शेतावरचं ओझं येगळं, इथलं येगळं. तुमचा पंप जाम असंल."

"असंल. म्हणून तर इंजान घेऊन आलोय. तुमच्याच पाटावर लावा, आन् माझी बाटली जोडा."

"माझ्या बेडला सलाईन लावायला हा काय दवाखाना हाय व्हय?"

अण्णा रागावले नाहीत. तिथंच बसले. असली माणसं फार अवघड. भांडणारा गडी परवडला, तो निदान दमतो तरी. शेवटी मी म्हटलं, सोमवारी या, कारखान्याला सुट्टी असते, बेड मोकळा असतो. वाटलं होतं, येणार नाहीत.

सोमवारी सकाळी मी कुलूप काढायला गेलो तर अण्णा ट्रॉलीवर बसून भाकरी खात होते. इंजिन बेडवर चढवलं, ओझं लावलं, 'बाटली मागनं, आधी माझी नळी' म्हणत काचेच्या नळीवर मोजलं. गुण चाळीस! मी घड्याळ त्यांच्या नाकापुढं धरलं. "बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

अण्णांनी मान हलवली. म्हणाले, "बरं. मग आता मला येक सांगा. चाळीस चाकावर आलं. ऱ्हायलेलं साठ कुटं गेलं?"

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला हे विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, तेल किती खातंय, आवाज किती करतंय, दसऱ्याला सूट आहे का. साठ कुठं गेले? मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी खडू घेतला आणि फरशीवर चित्र काढलं. दरवर्षी इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आमचा बेड बघायला यायची, त्यांचे सर हेच चित्र काढायचे. ते बघून बघून मी शिकलो होतो, पोरं मोबाइल बघत असताना.

चित्र सोपं आहे. इंजिन चार कामं करतं. हवा दाबतं. डिझेल जाळतं. तापलेली हवा फुगते आणि दट्ट्याला ढकलते, ती आपली कमाई. आणि शेवटी गरम धूर बाहेर टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू. कागदावर या चारी कामांची चार टोकांची बंद आकृती होते, आणि आकृतीच्या पोटात जेवढी जागा, तेवढं काम. आता गंमत अशी की हे कागदावरचं इंजिन आदर्श असतं. त्यात कुठं घासत नाही, गळत नाही, सिलिंडरच्या भिंतीतून उष्णता निसटत नाही. कोल्हापुरात नव्हे, इंद्राच्या कारखान्यात बनवलेलं म्हणा. आमच्या इंजिनाइतकंच, म्हणजे सतरा पट, हवा दाबणाऱ्या त्या आदर्श इंजिनाचा गुण काढला तर येतो बासष्ट.

"बासष्टच?" अण्णा उकिडवे बसून चित्राकडं बघत होते. "घासत न्हाय म्हणतायसा. गळत न्हाय म्हणतायसा. मग अडतीस कुणाच्या उरावर घातलं?"

"जास्त दाबलं तर थोडं वाढतंय. वीस पट दाबा, पंचवीस पट दाबा. पण शंभर कधीच न्हाय."

"का पण? आदर्श हाय न्हवं?"

इथं माझी दांडी उडाली. सूत्र मला पाठ होतं. पण 'का' हे मला पोटातून माहीत नव्हतं. सर सांगायचे ते मी सांगितलं, की उष्णतेचं काम करून घ्यायचं तर ती गरमाकडून गाराकडं वाहिली पाहिजे, आणि वाहिली म्हणजे काही गाराकडं जाणारच. सांगताना मला स्वतःलाच ते पुस्तकी वाटत होतं.

अण्णा खडूच्या रेघांवरनं बोट फिरवत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की आजही आठवतो.

"थांबा थांबा. आमच्या नदीवर बंधारा हाय. हिवाळ्यात त्याच्या दारांत बरगं, म्हंजे फळ्या, घातलं की वर पाणी तटतंय, खाली नदी उथळ. तवा फटीतनं जी धार येती, तिच्यापुढं माणूस उभा ऱ्हात न्हाय. आन् पावसाळ्यात पूर आला की सगळा बंधारा पाण्याखाली. वर समुद्र, खाली समुद्र. पाणी दसपट असतंय, पर बंधाऱ्यावरनं पडणारी धार? न्हाय. कारण उतारच न्हाय. व्हय की न्हाय?"

"व्हय."

"म्हंजे पाणी किती हाय त्यावर न्हाय, उतार किती हाय त्यावर हाय. आन् धारेनं चाक फिरवायचं तर पाणी खाली सोडायलाच पायजे. चाकाखालीच धरून ठेवलं तर चाक बुडतंय. तसं तुमचं ते अडतीस. ती काय नासाडी न्हवं. ते सोडल्याबिगार बासष्ट मिळतच न्हाय!"

मी खडू खाली ठेवला. आयला, हा माणूस चौथी-पाचवी शिकलेला, आणि कॉलेजच्या पोरांना चार वर्षांत जे कळलं नाही ते याला भाकरीच्या हातानं कळलं. मी सरळ सांगितलं, "अण्णा, ह्ये मला आज कळलं." माझ्या नोकरीतला तो सगळ्यात आनंदाचा अर्धा तास असेल. पुढच्या तासात त्याची सगळी चव गेली.

कारण अण्णा तिथं थांबले नाहीत. म्हणाले, "आदर्श बासष्ट. तुमचं चाळीस. मग इंजान गार करणाऱ्या पाण्यात किती जातंय, धुरात किती, ते मोजता येतंय काय?"

येतं की. अशी मोजणी कॉलेजची पोरं करतात, आम्ही कधी केली नव्हती, गरजच पडली नव्हती. मलाही आता हौस चढली होती. सिलिंडरभोवती फिरून तापून येणारं पाणी बादलीत धरलं. किती मिनिटांत बादली भरली, आत जाताना पाणी केवढं गार, बाहेर येताना केवढं गरम, सगळं लिहिलं. धुराचा पाइप पाण्यानं भरलेल्या पिंपातून वळवून नेला, ते पाणी किती तापलं ते बघितलं. अण्णा बादल्या ओतत होते आणि मी थर्मामीटर धरून पळत होतो. दोन म्हातारे, सुट्टीच्या दिवशी. कुणी बघितलं असतं तर येडे समजलं असतं.

हिशोब मांडला. चाकावर चाळीस. पाण्यात सदतीस. पिंपात तेहतीस. शिवाय पिंपातून बाहेर पडणारा धूर अजून गरमच होता आणि इंजिनाच्या अंगाला हात लावला तर चटका बसत होता, ते वेगळंच.

अण्णांनी बोटांवर बेरीज केली. "एकशेधा."

मी पुन्हा केली. एकशेदहा.

"मेस्त्री, शंभर घातलं आन् एकशेधा निघालं? मग डिझेल कशाला घालायचं? ह्या इंजनालाच डिझेल काढाय लावू की."

ते थट्टेनं बोलले. मी लिहिलेले आकडे एकेक करून बघायला लागलो. पाण्याची मोजणी थोडी चुकेल, धुराची चुकेल, पण सगळ्याच वाढीव कशा येतील? चाकाचं, पाण्याचं आणि धुराचं, तिन्ही एकदम जास्त दिसायचं एकच कारण असू शकतं. ज्या शंभरानं भागलं, तो शंभरच खोटा. म्हणजे डिझेल मी समजतो त्यापेक्षा जास्त जळतंय. म्हणजे माझी काचेची नळी खोटं बोलतीय.

नळीच्या खाली पितळेचा कॉक होता. तीन तोंडांचा. दांडी एका बाजूला केली की इंजिन मोठ्या टाकीतून डिझेल पितं. दुसरीकडं केली की टाकी बंद आणि फक्त काचेच्या नळीतून पितं, मोजणी तेव्हा करायची. मधोमध धरली की दोन्ही बंद. मी ओझं उतरवलं आणि दांडी मधोमध केली. आता इंजिनाला डिझेलचा थेंबसुद्धा मिळायला नको. पाइपात उरलंय तेवढं पिऊन मिनिटभरात गप झालं पाहिजे.

मिनिट झालं. इंजिन फुक फुक करत चालू. दोन मिनिटं झाली. पाच झाली. मी त्या इंजिनाकडं बघत मनात म्हणत होतो, मर की रे बाबा. आयुष्यभर इंजिन बंद पडलं म्हणून कासावीस झालेला माणूस मी, त्या दिवशी ते बंद पडावं म्हणून नवस बोलायचा बाकी राहिलो होतो. दहा मिनिटं झाली तरी ते निवांत चालूच.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "चोरून पितंय."

कॉक आतून गळत होता. मी नळीवर मोजत असताना इंजिन गुपचूप टाकीतूनही पीत होतं. पाव हिस्सा तरी. आमची इंजिनं कधी चाळीसची झालीच नव्हती. तिसाचीच होती. दरवर्षी कॉक थोडा जास्त गळत गेला, तसतसा माझ्या हाताचा गुण वाढत गेला.

अण्णांना मी नवीन कार्ड लिहून दिलं. तीस. खाली सही केली. त्यांनी ते टोपीच्या घडीत घातलं, "आता बराबर," म्हणाले आणि ट्रॉली घेऊन गेले. ना भांडण, ना भरपाई. त्यांना एवढंच पाहिजे होतं.

मग मी एकट्यानं कॉक उघडला. आतलं, दांडीबरोबर फिरणारं पितळेचं बूच काढून उजेडात धरलं. त्याच्या गुळगुळीत अंगावर बारीक बारीक गोल चरे होते. आणि ते बघताक्षणी मला कळलं, ते कुणी पाडले.

खंडेनवमीला आम्ही बेडची पूजा करायचो. आदल्या दिवशी सगळं पितळ लखलखीत करायची माझी शिस्त. दुसऱ्या कुणाच्या हातात मी ते कधी दिलं नाही. चिंच लावायची, वर रांगोळी टाकायची आणि घासायचं, घरातली समई घासतात तसं. नुसतं वरून नाही. देवाचं काम अर्धवट करायचं नाही म्हणून बूच काढून आतूनही घासायचो. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड. ज्या बुचाला केसाएवढी फट चालत नाही, त्याला मी दरवर्षी भक्तिभावानं दगडानं घासत होतो!

दुसऱ्या दिवशी मालकांपुढं कॉक ठेवला. गळतोय म्हणून सांगितलं, कार्डं चुकली म्हणून सांगितलं. एवढं मी केलं, त्याचं श्रेय मला द्या हवं तर. मालक लालबुंद झाले. "कुणी केलेला कॉक हा?"

"हसनभाईंनी," मी म्हणालो.

हे खरंच होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला हसनभाईंचं लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, होतं, कारखान्याचं सगळं पितळकाम त्यांच्याकडं. मालकांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर मी दिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. मालक म्हणाले, "असलं भंगार काम करतोय? बंद करा त्याच्याकडचं." मी उभा होतो. खांद्यावर शाल नव्हती, पण मला ती जाणवत होती. खंडेनवमी तोंडावर आली होती आणि रांगोळीचं सांगितलं असतं तर सगळ्या उद्यमनगरात माझं हसं झालं असतं. नाही सांगितलं.

कॉक परत घेऊन मीच हसनभाईंकडं गेलो. त्यांनी बूच उजेडाला धरलं, अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं.

"मामा, ह्ये कुणीतरी घासलंय."

"असंल," मी म्हणालो.

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पितळकाम दुसरीकडं गेलं. हसनभाईंच्या लेथवरचा मोठा हिस्सा आमचाच होता. पुढं ते दुसऱ्यांची किरकोळ कामं करत राहिले. गल्लीत भेटलो की "सलाम मामा" म्हणायचे, मी घाईत असल्यासारखा पुढं जायचो. कार्डांवर पुन्हा तीस यायला लागले. मालकांना चाळीसाचा मोह सुटेना, म्हणायचे, नवीन कॉकची सवय व्हायला वेळ लागंल. जी इंजिनं आधी गेली, त्यांची कार्डं कुणी बदलली नाहीत, मीही नाही.

मला रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली. शेतावर विजेच्या मोटारी आल्या, त्या बेडवर आता कुणी इंजिन चढवत नाही. संपादकांचा फोन आल्यावर मला हे एकच आठवलं, आणि आठवलं म्हटल्यावर विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे. म्हणून गेल्या आठवड्यात हसनभाईंच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

"हसनभाई, तो कॉक मी घासत होतो. दरवर्षी. चिंच आणि रांगोळी लावून."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"त्याच दिवसापासनं. पोरं घासत्यात ती वरनं घासत्यात, दिसंल तेवढंच. आतलं बूच काढून घासणारा माणूस तुमच्या कारखान्यात येकच हुता."

मी विचारलं, "मग मालकांना का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही सांगशीला म्हणून वाट बघत हुतो."

मी हात जोडले. त्यांनी ते धरून खाली केले. म्हटलं, आता दिवाळी अंकात सगळं लिहितोय, तुमच्या नावानिशी, चालेल का? ते हसले. म्हणाले, "लिवा की. मालक वाचाय ऱ्हायलं न्हाईत, पर लिवा. आन् येक लिवा. कॉक चांगला हुता."

तर वाचणाऱ्यांनो, लिहितो. हसनभाईंनी केलेला कॉक चांगला होता. मी रांगोळी लावेपर्यंत त्यातून एक थेंब गळला नव्हता.